सब की डब?

प्रश्न: मी अ‍ॅनिमे (जपानी अ‍ॅनिमेशन) नेहमी सबटायटल लावून जपानीतच बघतो, बहीण म्हणते डबच बघ, वाचण्यात अर्धं चित्र निसटतं. कोण बरोबर?

उत्तर: बहिणीचं म्हणणं खोटं नाही रे, मारामारीच्या सीनला डोळे खाली गेले की गेलंच. आणि सगळे डब टाकाऊ नसतात, १९९८ च्या 'काउबॉय बेबॉप' मालिकेचा इंग्रजी डब तर सबवालेही आवडीने बघतात. पण माझं मत विचारशील तर पहिल्यांदा सबच. २०१६ चा दिग्दर्शक शिंकाईंचा 'किमी नो ना वा' हा सिनेमा घे, त्यात मुलाच्या शरीरात अडकलेली मित्सुहा नावाची मुलगी त्याच्या मित्रांसमोर स्वतःला आधी 'वाताशी' म्हणते, मग 'वाताकुशी', मग 'बोकु', आणि शेवटी 'ओरे' म्हटल्यावर कुठे त्यांना पटतं. चारही शब्दांचा अर्थ 'मी'च, फक्त बोलण्याचा ढंग वेगळा, आणि 'ओरे' हा मुलांच्या तोंडचा! इंग्रजीत एकच 'आय', मग डबमध्ये ही गंमत आणायची कशी, शिवाय वाक्य ओठांच्या हालचालीत बसवायचं असतं म्हणून शब्द अजून बदलतात. मराठीत निदान 'मी गेले' आणि 'मी गेलो' तरी आहे, मला तर वाटतं आपल्याकडे हा सीन मस्त जमेल, कुणीतरी करा ना खरंच!