त्या 19 ओळी डिलीट करू नकोस

अगं, तुझा मेल काल रात्री वाचला. बाकी सगळं छान लिहिलंयस, पण एका ओळीवर अडकलो. "सर, ज्या जातीचं एकच झाड सापडलं त्या 19 जाती डेटामधून काढल्या तर ग्राफ एकदम क्लीन येतो, काढू का?"

नको काढूस. सकाळी चहाच्या आधी लिहायला बसलोय यावरून समज.

आधी हिशोबाचं बोलू. आंजनेरीच्या डोंगरावरच्या तुझ्या शीटमध्ये 74 जाती आहेत, त्यातल्या 19 चं एकेकच झाड, आणि 7 जातींची दोन-दोन. आता तैवानच्या अ‍ॅन चाओ या संख्याशास्त्रज्ञ बाईंनी 1984 मध्ये एक सोपं गणित दिलंय, एकेकट्या जातींच्या संख्येचा वर्ग करायचा आणि त्याला दोनदा सापडलेल्या जातींच्या संख्येच्या दुपटीने भागायचं. म्हणजे 361 भागिले 14, आले साधारण 26. याचा अर्थ असा की त्या डोंगरावर तुला न दिसलेल्या किमान 26 जाती अजून आहेत, तुझे 74 म्हणजे खरे शंभरच्या आसपास. आणि हे तुला सांगतंय कोण, तर ज्यांना तू कचरा म्हणून काढायला निघालीस तेच 19 जण. ते काढले की तुझा ग्राफ सांगणार की मी सगळं जंगल बघितलं. क्लीन दिसेल गं, पण खोटं बोलेल.

आता तुझा मोठा प्रश्न, की एवढी कमी झाडं जंगलाचं असं काय काम करतात. तू निफाड साईडची, घरी द्राक्षबाग, तुला डावण्या हा बुरशीरोग काय असतो हे मी शिकवायची गरज नाही. छाटणीनंतर चार दिवस पाऊस लागला, पहाटे धुकं पडलं आणि एका ओळीत पानावर तेलकट डाग दिसला की तुझे वडील रात्रीच फवारणीचा ब्लोअर बाहेर काढतात, कारण शेजारची ओळ तीच जात, पलीकडचा प्लॉट तीच जात, त्याच्या पलीकडचा शेजाऱ्याचा मळा पण तीच जात. बुरशीला थांबायचं कारणच नाही. मग आंजनेरीच्या उतारावर कुणी फवारणी करत नाही तरी तिथलं जंगल उभं कसं?

उष्ण प्रदेशातल्या जंगलाचं उत्तर डॅनियल जॅन्झेन यांनी 1970 मध्ये आणि जोसेफ कॉनेल यांनी 1971 मध्ये, वेगवेगळं काम करून, जवळपास सारखंच दिलं. प्रत्येक झाडाची आपापली कीड असते, आपापली बुरशी असते आणि ती आईच्या खोडाभोवती सगळ्यात जास्त. आईच्या सावलीत पडलेलं बी रुजतं पण रोप टिकत नाही, लांब जाऊन पडलेलं टिकतं. पनामामध्ये बारो कोलोरॅडो नावाचं बेट आहे, तिथे 50 हेक्टरात एक सेंटिमीटरपेक्षा जाड प्रत्येक खोड 1980 च्या दशकापासून पुन्हा पुन्हा मोजतात (आपण 30 क्वाड्रॅटला, म्हणजे मोजणीच्या चौकोनांना, कंटाळतो!) आणि तिथेही हेच दिसलं की आजूबाजूला आपलीच जात दाटलेली असेल तर रोपं जास्त मरतात. म्हणजे जी जात माजली तिच्या मागे कीड लागते आणि जी विरळ आहे तिला थोडी मोकळीक मिळते, त्यामुळे शेकडो विरळ जाती एका जंगलात नांदतात. आणि त्या नांदतात म्हणून एका सागापासून दुसऱ्या सागापर्यंत जाताना किडीला मध्ये दहा परकी झाडं लागतात. ही मधली दहा झाडं म्हणजे तुझे ते 19. एकेकटं बघितलंस तर फार काही करत नाहीत, मान्य. बागेत दोन ओळींच्या मध्ये परकं झाड लावायची कुणाची हिंमत होत नाही, तो खर्च तुझे वडील औषधाच्या बिलात भरतात.

आणि हे विरळपण उष्ण प्रदेशात अपवाद नाही बरं का. अ‍ॅमेझॉनचा 2013 चा अंदाज आहे, सुमारे 39 हजार कोटी झाडं, जाती 16 हजार, आणि त्यातल्या फक्त 227 जातींनी निम्मं जंगल व्यापलंय. सगळ्यात दुर्मीळ 11 हजार जाती एकत्र केल्या तरी झाडांच्या 0.12 टक्के. तुझा नियम तिथे लावला तर जातींच्या यादीचा दोन तृतीयांश भाग डिलीट.

दुसरी गोष्ट. काही विरळ जातींकडे असं कसब असतं की ते दुसऱ्या कुणाकडेच नसतं. 2013 मध्येच फ्रेंच गयानातल्या झाडांच्या 662, प्रवाळातल्या माशांच्या 846 आणि आल्प्सच्या डोंगरावरच्या वनस्पतींच्या 2,979 जाती घेऊन एक तपासणी झाली, की सगळ्यात वेगळी ठेवण कुणाची, आणि उत्तर बहुतेक वेळा विरळ जातींकडे गेलं. गयानात पौटेरिया मॅक्सिमा म्हणून एक झाड आहे, आपल्या मोहाच्या आणि चिकूच्या कुळातलं, त्याची ठेवण आग आणि कोरडा काळ सोसायची. ओल्या जंगलात पावसाच्या चांगल्या वर्षी त्याचा काय उपयोग? काहीच दिसणार नाही. तू दोन वर्षं प्लॉट टाकणार, ती दोन्ही वर्षं चांगली गेली तर रिपोर्टमध्ये लिहिणार की नगण्य भूमिका. वाईट वर्ष यायचं असतं तेव्हा पीएचडीची मुदत बघून येत नाही.

काम कुणी करेनासं झालं की काय होतं ते बघायचं असेल तर हरसूलकडच्या लोकांशी बोल, खोरीपाड्याला गिधाडांसाठी मेलेली जनावरं ठेवतात तिकडे. माझ्या लहानपणी गिधाड दुर्मीळ नव्हतं हे लक्षात घे, गावाबाहेर ढोर टाकलं की संध्याकाळपर्यंत हाडं. मग 1992 ते 2007 मध्ये पांढऱ्या पाठीची गिधाडं हजारातलं एक उरलं. कारण गुरांना द्यायचं डायक्लोफिनॅक हे दुखण्यावरचं औषध, मेलेल्या ढोरातून ते गिधाडांच्या पोटात जायचं, हे 2004 ला कळलं, 2006 ला ते बंद केलं. आकाशात गिधाड दिसत नाही याची तक्रार कुणी केली नाही, वास आला आणि कुत्री वाढली तेव्हा जाग आली. मेलेलं जनावर खाणारे कुत्रे, कावळे होतेच की, पण गिधाडाच्या पोटातलं आम्ल त्यांच्याकडे नाही. 2024 मध्ये दोन अर्थशास्त्रज्ञांनी हिशोब मांडला, गिधाडं गेल्यामुळे 2000 ते 2005 या काळात देशात सुमारे 5 लाख जादा माणसं गेली. जंगलाचा विषय अर्थशास्त्रवाल्यांनी मांडला की लोक ऐकतात, असो.

पण एक सांभाळ. हे सगळं वाचून प्रत्येक दुर्मीळ झाडाला हिरो करू नकोस, आपल्याकडे ही खोड फार आहे. कंदीलपुष्प घे. आंजनेरीच्या नावाचं एक आहे, सेरोपेजिया आंजनेरिका. बहुतेक कंदीलपुष्पांचं फूल जवळून बघ, भिंगातून. खाली फुगा, वर नळी, आणि नळीच्या आत खाली वळलेले केस. बारीक माशी वासाला भुलून आत घसरते, वर येता येत नाही, केस अडवतात. रात्रभर ती फुग्यात फिरते, परागाचं गाठोडं तिच्या सोंडेला अडकतं, मग केस सुकतात आणि ती सुटते, आणि मूर्ख पुढच्या फुलात परत जाते. माशीला यात काय मिळालं? जवळपास काही नाही. हे फूल फसवून जगतं. साळिंदर त्याचा कंद उकरून खातं, गुराखी पोरं पण खायची, खर्पुडी म्हणून. याला जंगलाचा आधारस्तंभ म्हणालीस तर व्हायवाला मीच तुला झोडपेन. जे दिसलं ते लिही, कोण येतं, कोण खातं, कधी. तेवढं बास.

आणि तिथे मी केलेला गाढवपणा पण सांगतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी, भाद्रपदात, पठारावरच्या तळ्याच्या अलीकडे एका कातळाच्या खाचेत मला एकच कंदीलपुष्प दिसलं. हर्बेरियम शीट, म्हणजे वाळवून कागदावर चिकटवलेला नमुना, पूर्ण पाहिजे म्हणून खुरप्याने कंदासकट काढलं. दुसऱ्या वर्षी त्या खाचेत फक्त गवत, तिसऱ्या वर्षी पण. बाकीची झाडं कुठे असतील ते शोधायच्या आधी मी ते एक उपटलं, आणि तेव्हा माझ्या वहीत पण त्याच्यापुढे 1 च लिहिलेला होता. ती शीट अजून कपाटात आहे, कंद वाळून सुपारीएवढा झालाय.

म्हणून त्या 19 वर परत जा. प्रत्येकीपुढे लिही की ती विरळ म्हणजे कशी विरळ: थोड्याच भागात सापडते, की एकाच प्रकारच्या जागी उगवते, की सगळीकडे आहे पण कुठेच दाट नाही. तिन्ही वेगळं आहे, डेबोरा राबिनोविट्झ यांनी हे 1981 मध्येच वेगळं करून दाखवलंय. त्यातल्या चार-पाच तर रस्त्याकडेच्या तणाच्याच निघतील, चुकून प्लॉटमध्ये आलेल्या, ते पण लिही. आणि लोकेशन इन्स्टावर टाकू नकोस, फोटो टाक, जागा नको.

शनिवारी पहाटे सहाला नाशिकच्या सीबीएस बसस्टँडवर ये, त्र्यंबकची गाडी पकडू, आंजनेरी फाट्यावर उतरून चालत. डबा आण, वर काही मिळत नाही, भिंग माझ्याकडे आहे. खुरपं घरी ठेव.