बाडाचं पुस्तक होताना
वाचकांचे प्रश्न, एका मुद्रितशोधिकेची उत्तरं

या महिन्यात 21 पत्रं आली. त्यांतली 9 एका ओळीची होती : ‘पुस्तक छापायला किती खर्च येतो?’ घर बांधायला किती खर्च येतो, असं विचारल्यासारखंच हे. खोल्या किती, जागा कुठली, राहणार कोण, काहीतरी कळवा. बाकीच्यांतली पाच पत्रं घेतली आहेत.

प्रश्न : मी एसटीत 34 वर्षं वाहक होतो. निवृत्त झाल्यावर आठवणी लिहायला घेतल्या, त्याच्या दोनशे पानी 11 वह्या झाल्या. मुलानं एक कंपनी शोधली आहे. 85,000 रुपयांत 1,000 प्रती, मुखपृष्ठ, जाहिरात सगळं करून देतो म्हणतात. पैसे भरावेत का? सहाव्या वहीतल्या काही पानांची झेरॉक्स सोबत आहे.
– निवृत्त वाहक, म्हसवड

उत्तर : दादा, आधी पानांविषयी बोलते, पैशांचं मागून.

मुक्कामी गाडीची रात्र मी दोनदा वाचली. देवळाच्या पारापाशी लावलेली गाडी, टपावर झोपलेले ड्रायव्हर, मागच्या लांब बाकावर बॅग उशाला घेऊन तुम्ही. हिशेबात 3 रुपये 40 पैसे कमी भरले म्हणून कंदिलाच्या उजेडात चार वेळा तपासलेलं वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचा कागद. पहाटे आठवतं, की जिनं भाकरी-कालवण आणून दिलं त्या म्हातारीचंच तिकीट फाडलं होतं आणि पैसे घ्यायचे राहिले होते. तुम्ही मागितले नाहीत, खिशातून भरलेत, आणि पुढच्याच वाक्यात गाडी डेपोत आणलीत. एखाद्या शिकल्यासवरल्या लेखकानं इथं माणुसकीवर दोन पानं खर्ची घातली असती. तुम्ही गप्प राहिलात, म्हणून ते पान माझ्या लक्षात राहिलं.

आता जरा कडू. पहिल्या पाच वह्या मी पाहिलेल्या नाहीत, तरी त्यांत काय असेल ते सांगते : जन्म, भावकी, शाळा, मास्तरांचा मार, नोकरीसाठी वणवण, लग्न. हे सगळ्यांच्याच वह्यांत असतं. 72च्या दुष्काळाची दोन पानं ठेवा; स्वतः खडी फोडायला गेला असाल तर चार ठेवा. बाकीचं घरच्यांसाठी वहीतच राहू द्या. पुस्तक पहिल्या ड्युटीपासून सुरू करा, हातात तिकिटांचा ट्रे आल्यापासून. डेमी आकारात 160 पानं पुष्कळ झाली. छापखान्याच्या भाषेत 10 फर्मे, कारण एका फर्म्यात, म्हणजे छापून घडी घालायच्या एका मोठ्या कागदात, 16 पानं बसतात. 161 पानं झाली तर कागद वाया जातो, म्हणून शेवटी छाटायचं कसं तेही शिकावं लागतं.

छाटायचं कुठं, हे ओळखायला घरातल्या अशा माणसाला वाचून दाखवा ज्याला एसटीतलं काही ठाऊक नाही. सूनबाई, नात, कुणीही. ऐकता ऐकता त्यांचा हात मोबाइलकडे गेला, की त्या जागी पेन्सिलीनं खूण करायची. वाद घालायचा नाही.

भाषेबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण राहवत नाही. 1996च्या सुमारास एका शेतकरी बाईंचं बाड माझ्याकडे आलं होतं. मी तेव्हा नियमांची फार पक्की. साहित्य महामंडळाचे 1962चे आणि 1972चे शुद्धलेखनाचे नियम मला पाठ. मी ‘हुतं’चं ‘होतं’ केलं, ‘म्या’चं ‘मी’ केलं, सगळं पुस्तक स्वच्छ धुऊन काढलं. छापून आल्यावर बाईंच्या नवऱ्यानं चार पानं वाचली आणि विचारलं, “हे मास्तरणीनं लिवलंय व्हय?” बाई काही बोलल्या नाहीत. मला अजून ते पुस्तक कपाटातून काढवत नाही. तेव्हा तुमच्या ड्रायव्हरांचं, प्रवाशांचं बोलणं माणदेशीच राहू द्या. मुद्रितशोधकाला, म्हणजे प्रुफं तपासणाऱ्याला, काम देताना एका कागदावर लिहून द्या, की अमुक शब्द असेच ठेवायचे. निवेदन प्रमाण भाषेत करायचं की नाही ते तुम्ही ठरवा. पण पान 10 वर एक आणि पान 90 वर दुसरं, असं करू नका.

आता पैसे. आकडे समजायला सोपे घेते, तुमच्या गावच्या छापखान्यात ते वेगळे असतील. अक्षरजुळणी, मुद्रितशोधन आणि मुखपृष्ठ मिळून 24,000 धरू. डिजिटल छपाईवर 300 प्रती काढल्या, एका प्रतीला 95 पडले, तर 28,500. एकूण 52,500, म्हणजे प्रत 175ला पडली. ऑफसेटवर 1,000 काढल्या तर प्रतीला 60च पडतील; एकूण 84,000, प्रत 84ला. सगळे इथंच भुलतात. समजा पुस्तकाची किंमत 250 ठेवलीत आणि ओळखीपाळखीत 200ला दिलंत. 280 प्रती गेल्या, हातात 56,000 आले. पहिल्या हिशेबात 3,500 सुटले. दुसऱ्यात 28,000 बुडाले आणि वर 720 प्रती घरात. वितरकाकडे द्यायचं म्हटलं आणि त्यानं छापील किमतीवर 50 टक्के सवलत मागितली, तर 175ला पडलेल्या प्रतीचे 125 मिळणार, म्हणजे प्रत्येक प्रतीमागे 50 पदरचे.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. माझे वडील पुण्यात नारायण पेठेत छपाईचे खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवायचे. 2004 साली मी त्यांच्या आठवणी छापल्या. एका अनुभवी गृहस्थांनी ‘हजाराच्या खाली काही परवडत नाही’ असं सांगितलं, मीही मान डोलावली. दोन वर्षांत 340 प्रती गेल्या. उरलेल्या दिवाणाखाली. 2006च्या पावसाळ्यात दोन गठ्ठ्यांना वाळवी लागली, आणि वडील ते गठ्ठे उघडून, एकेक प्रत झटकून, बरी पानं वेगळी काढत बसले होते.

म्हणून छापण्याआधी वहीच्या मागच्या पानावर नावं लिहा. डेपोतले जुने सहकारी, तुमच्या मार्गावरची गावं, तिथली वाचनालयं, शाळा. 150 नावं झाली आणि त्यांतल्या 60 जणांनी आगाऊ पैसे दिले, तर 200 प्रती छापा. यात लाजण्यासारखं काही नाही. एकोणिसाव्या शतकात मराठी पुस्तकं आगाऊ वर्गणीदार गोळा करून छापली जात, त्यांची यादी पुस्तकातच असे. 1974 साली सुरू झालेल्या ग्रंथाली वाचक चळवळीनंही वाचकांनाच आधी सभासद करून घेतलं.

कंपनीला चार गोष्टी लेखी विचारा. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, कुणाच्या नावावर असेल? जुळणीची खुली, म्हणजे दुरुस्त करता येणारी, फाइल मला मिळेल का? 1,000 पैकी माझ्या ताब्यात किती प्रती येणार? ‘जाहिरात’ म्हणजे कुठं, किती वेळा? उत्तर फोनवरच येत राहिलं, तर पैसे भरू नका.

प्रश्न : मी 23 वर्षांची आहे. 64 कविता आहेत. एक प्रकाशक 30,000 रुपये मागतात, शिवाय 200 प्रती मीच विकत घ्यायच्या म्हणतात. एका मोठ्या कवींची प्रस्तावना मिळाली तर खर्च वसूल होईल का?
– लातूर

उत्तर : नाही. प्रस्तावनेमुळे कवितासंग्रह विकला गेलेला मी पाहिलेला नाही. प्रस्तावनेसाठी दोन-दोन वर्षं अडून राहिलेले मात्र बरेच पाहिले. शिवाय 30,000 भरून वर आपल्याच 200 प्रती विकत घ्यायच्या, म्हणजे त्या प्रकाशकाचं गिऱ्हाईक तूच.

महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांसाठी अनुदान योजना आहे. पहिल्याच पुस्तकासाठी असते, त्यात कवितासंग्रहही येतो. मंडळ हस्तलिखितं मागवतं, तज्ज्ञ वाचतात, निवड झाली तर प्रकाशनाला अर्थसाहाय्य मिळतं. अटी त्या-त्या वर्षीच्या जाहिरातीत बघ. वेळ लागतो, तो लागू दे. तेवढ्यात दहा-बारा कविता नियतकालिकांकडे पाठव. परत आल्या तर कळेल, छापून आल्या तर त्याहून जास्त कळेल.

आणि एक कर. सगळ्या कविता घरात फरशीवर मांड. पहिली कुठली आणि शेवटची कुठली ते ठरव, मग मधल्या. ज्यांना कुठंच जागा मिळत नाही त्या उचलून ठेव. माझा अंदाज, चाळीसेक उरतील. ‘आई’, ‘पाऊस’ आणि ‘मुलगी’ या नावांच्या कविता आधी तपास.

प्रश्न : माझे वडील बडोद्यात प्राध्यापक होते. त्यांना आलेली शंभरावर पत्रं आईनं जपून ठेवली. त्यांत काही नामवंतांचीही आहेत. स्वतःच खर्च करून पुस्तक काढायचं आहे. पत्रं आमच्या मालकीची, तेव्हा अडचण नसावी ना?
– वडोदरा

उत्तर : ताई, आहे. कागद तुमचा, मजकूर तुमचा नाही. पत्राचा कॉपीराइट लिहिणाऱ्याचा, तो गेल्यावर त्याच्या वारसांचा. भारतात तो लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो. पत्र लेखकाच्या हयातीत छापलंच गेलं नसेल, तर ही 60 वर्षं ते पहिल्यांदा छापलं गेल्यानंतर मोजायला सुरुवात होते. म्हणजे ‘फार जुनं आहे’ एवढं पुरत नाही. नामवंतांपासून सुरुवात करा, प्रत्येकाच्या घरी साधं पत्र टाका, सोबत त्या पत्राची प्रत जोडा. माझा अनुभव असा, की निम्म्याहून अधिक लोक हरखून जातात, कारण आजोबांचं ते अक्षर त्यांनी पाहिलेलंच नसतं. परवानगी लेखी घ्या. कुणी नाही म्हटलं तर त्या पत्रात काय होतं ते तुमच्या शब्दांत सांगता येईल.

तुमच्या वडिलांची त्या लोकांना गेलेली पत्रं मिळतात का, हेही त्याच टपालानं विचारा. एकाच बाजूचा पत्रव्यवहार वाचणं म्हणजे शेजारचा माणूस फोनवर बोलताना ऐकणं.

प्रश्न : 2009 साली कादंबरी टाइप करून ठेवली होती. आता फाइल उघडली तर सगळी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. पुन्हा टाइप करायची का?
– डोंबिवली

उत्तर : नका करू. ती फाइल श्रीलिपी, आकृती अशा कुठल्यातरी जुन्या फॉण्टमध्ये असणार. त्या काळी इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवत. फॉण्ट नसला की मुखवटा निघतो आणि खालची इंग्रजी अक्षरं दिसतात. कुठला फॉण्ट होता ते शोधा आणि परिवर्तकातून (कन्व्हर्टरमधून) मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर मराठीच दिसेल अशा रूपात, आणा. अक्षरजुळणी करणाऱ्या कुणाकडेही परिवर्तक असतो.

त्यानंतरचं काम मात्र डोळ्यांचं. परिवर्तक हमखास अडखळतात ‘ऱ्या’पाशी. ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होतं, ‘सूर्या’सारखं. ‘र्या’ आणि ‘र्ह’ शोधून एकेक तपासा. सगळे एकदम बदलाल तर ‘सूर्याला’ आणि ‘कार्यालय’ दोन्ही बिघडतील. अवतरणचिन्हं, आकडे आणि जोडाक्षरंही बघा. पुस्तकासाठी फॉण्ट निवडताना ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आहेत ना, ते पाहा. राज्य शासनानं 2009च्या नोव्हेंबरमध्ये वर्णमालेचा निर्णय काढला, त्यात हीच वळणं ठरवून दिली आहेत. तरीही हिंदी वळणाच्या ‘ल’मध्ये आख्खी मराठी कादंबरी छापलेली मी पाहते, आणि ती वाचताना मला सारखं चपलेत खडा गेल्यासारखं होतं.

मजकूर 15 वर्षांहून जुना आहे. दुरुस्त करताना वाचाल, तेव्हा बदलावासा वाटेल. एक प्रकरण बदला आणि थांबून बघा, नाहीतर पुढची 15 वर्षं त्यातच जातील.

प्रश्न : आयएसबीएन घ्यायलाच हवा का? एकानं 5,000 रुपये सांगितले. पुस्तकं टपालानं पाठवायचा स्वस्त मार्ग कोणता? आणि तुमच्या वडिलांचं पुस्तक मिळेल का?
– चिपळूण

उत्तर : आयएसबीएन कायद्यानं सक्तीचा नाही, दुकानांत आणि ऑनलाइन विकायचं असेल तर घ्या. भारतात तो राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सी देते, फुकट देते, आणि स्वतः प्रकाशन करणाऱ्या लेखकालाही देते. अर्ज ऑनलाइन. ते 5,000 अर्ज भरण्याची मजुरी समजा. कापडी बांधणी, साधी बांधणी आणि ई-बुक यांना वेगवेगळे क्रमांक लागतात. काही न बदलता पुनर्मुद्रण केलं तर जुनाच चालतो.

सक्तीचं आहे ते दुसरंच, आणि ते कुणी सांगत नाही. 1954च्या कायद्यानुसार प्रकाशकानं पुस्तक निघाल्यापासून 30 दिवसांत चार ग्रंथालयांना स्वखर्चानं एकेक प्रत पाठवायची असते : कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कोन्नेमारा, मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी. पुस्तक तुम्ही काढलंत, तर प्रकाशक तुम्हीच. चार प्रती आधीच बाजूला ठेवा.

टपालाचं म्हणाल तर जुनं रजिस्टर्ड बुक पोस्ट 2024च्या डिसेंबरात बंद झालं. मे 2025पासून ज्ञानपोस्ट आहे, 5 किलोपर्यंत चालतं. पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं लागतं आणि आत जाहिराती चालत नाहीत.

वडिलांचं पुस्तक आहे. वाळवीतून वाचलेल्यांपैकी चांगली प्रत पाठवते. तुमच्या पत्त्यात पिनकोड नव्हता, तेवढा कळवा.