थेसालोनिकीत आधी रस्ता, मग संग्रहालय

प्रश्न : नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी, नवरा आणि सासूबाई चार दिवसांसाठी ग्रीसमधल्या थेसालोनिकीला जाणार आहोत. सासूबाईंचे गुडघे दुखतात, पण इतिहासाची ओढ आम्हा दोघांपेक्षा त्यांनाच जास्त. यादी केली तर सतरा ठिकाणं झाली. व्हाइट टॉवरपासून सुरुवात करावी का? आणि काय गाळावं? 'अथेन्स पाहिलंय ना, मग तिथे काय वेगळं?' असंही एकांनी विचारलं.
– एक वाचक

उत्तर : तुमच्या यादीत रोटुंडा, म्हणजे रोमन काळातली गोल इमारत, अकराव्या क्रमांकावर आहे. तो पहिला घ्या.

कारण सांगते. पहिल्यांदा गेले तेव्हा मी सामान टाकून तडक पुरातत्त्व संग्रहालय गाठलं. दोन तासांत सगळी दालनं पालथी घातली आणि रात्री आठवलं ते फक्त सोनं. दुसऱ्या खेपेला दोन दिवस नुसती शहरात चालले, मग तिथेच परत गेले. तेव्हा एकेक वस्तू ओळखीची वाटू लागली. हिची जागा आपण काल पाहिली, असं सारखं होत होतं.

म्हणून पहिल्या सकाळी कमारापाशी उतरा. ही रोमन सम्राट गॅलेरियसची विजयकमान. इराणच्या सासानी सैन्यावरचा त्याचा विजय तिच्या खांबांवर कोरलाय. गावातली मुलं 'कमाराला भेटू' म्हणून आजही तिथेच जमतात. अथेन्सहून वेगळं काय, तर हेच. शहर इ. स. पूर्व ३१५ मध्ये वसलं. कॅसँडर राजाने त्याला आपल्या राणीचं, म्हणजे अलेक्झांडरच्या सावत्र बहिणीचं नाव दिलं. तेव्हापासून रोमन, बायझंटाइन (म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याचे), ज्यू, तुर्क सगळे एकमेकांच्या भिंतीला भिंत लावून राहिले. इथले अवशेष टेकडीवर वेगळे ठेवलेले नाहीत, रोजच्या वाटेत आहेत.

कमानीपासून दोन-तीन मिनिटांवर रोटुंडा. चौथ्या शतकाच्या सुरुवातीची ही गोल इमारत पुढे चर्च झाली, १५९१ च्या सुमारास मशीद झाली. तो मिनार अजून शेजारी उभा आहे. भिंती सहा मीटरहून जाड, त्यामुळे आत शिरलं की रस्ता एकदम लांब गेल्यासारखा वाटतो. घुमटावर सोनेरी मोझेक आहे : हात पसरून उभे असलेले संत, आणि शेजारी प्रत्येकाचं नाव, व्यवसाय आणि त्याच्या सणाचा महिना. कॉस्मास आणि डॅमियन हे वैद्य, फिलेमॉन बासरीवाला. हे सगळं वीसेक मीटर उंचीवर आहे, तेव्हा लहानशी दुर्बीण नक्की न्या. सासूबाईंना बसवून हातात दुर्बीण द्या आणि अजिबात घाई करू नका. मी तिथे तासभर होते, तरी कमीच पडला.

तिथून समुद्राच्या दिशेने उतरलं की नावारिनू चौकात गॅलेरियसच्या राजवाड्याचे अवशेष लागतात. ते वरून, रस्त्यावरूनही दिसतात. ते डोळ्यांत साठवून दुसऱ्या दिवशी पुरातत्त्व संग्रहालयात जा. याच राजवाड्यात सापडलेली छोटी संगमरवरी कमान तिथे आहे. शहराजवळच्या डेर्वेनी इथल्या कबरीत सापडलेला कलशही याच संग्रहालयात आहे. त्याला सोन्याची झळाळी आहे, पण त्यात सोनं नाही. कांशात कथिलाचं प्रमाण जास्त असल्यामुळे तो तसा चमकतो. आणि मी पहिल्या वेळी ज्याच्यासमोरून न थांबता गेले ती वस्तू : डेर्वेनीचा पपायरस, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या जुन्या कागदावरचं लिखाण. १९६२ मध्ये एका चितेच्या राखेत त्याचे तुकडे मिळाले. इ. स. पूर्व चौथ्या शतकातलं हे लिखाण. ग्रीसच्या दमट मातीत पपायरस कुजून जातो; हा अर्धवट जळून कोळसा झाला, म्हणून वाचला. २०१५ मध्ये युनेस्कोने जागतिक स्मृतिवारशात त्याची नोंद केली. काचेमागे काळे कपटे दिसतात, पण तिथे थांबाच.

बायझंटाइन संग्रहालय अगदी शेजारी आहे. त्याच दिवशी, पण मध्ये नीट जेवून. तिथली रंगवलेली थडगी चुकवू नका.

तिसरा दिवस ज्यू संग्रहालयाला द्या. ते तुमच्या यादीत नाही, हे मला खटकलं. १४९२ मध्ये स्पेनने हाकललेले ज्यू इथे आले आणि चार शतकं हे शहर मोठ्या प्रमाणात त्यांचंच होतं. १९४३ मध्ये नाझींनी इथून पंचेचाळीस हजारांहून अधिक माणसं रेल्वेने छळछावण्यांकडे पाठवली. त्याआधी, डिसेंबर १९४२ मध्ये, त्यांचं विस्तीर्ण कबरस्तान उखडलं गेलं. आज त्या जमिनीवर विद्यापीठ आहे. तिथल्या काही थडग्यांचे दगड संग्रहालयात तळमजल्यावर मांडले आहेत. त्या दगडांसमोर मला बोलवेना.

त्याच दिवशी मेट्रोने वेनिझेलू स्टेशनला उतरा. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या या मेट्रोच्या खोदकामात रोमन काळापासूनचा हमरस्ता लागला, फरसबंदी आणि दुकानांसकट. तो आता स्टेशनातच पाहायला मिळतो. गुडघ्यांना त्रास नाही.

चौथा दिवस वेर्गिनाचा, सुमारे ७५ किलोमीटरवर. १९७७ मध्ये पुरातत्त्वज्ञ मानोलिस आंद्रोनिकोस यांनी उघडलेल्या मॅसेडोनियन राजांच्या कबरी मातीच्या टेकाडाखाली, मंद उजेडात जागच्या जागी पाहता येतात.

आता गाळायचं काय? वरच्या गावातली तटबंदी गाळा, चढ फार आहे. व्हाइट टॉवर सासूबाईंनी बाहेरूनच पाहावा, वर जायला गोल गोल चढावं लागतं. तुम्ही दोघं चढून या, तोवर त्या समुद्राकाठच्या बाकावर बसतील. तो काठ फार सुंदर आहे.

तिकिटांचं एक : नोव्हेंबर ते मार्च महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयांत प्रवेश फुकट असतो. तुमच्या मुक्कामात तो रविवार आला तर पुरातत्त्व संग्रहालय त्या दिवशी ठेवा. हिवाळ्यात वेळा कमी होतात, तेव्हा सकाळी दार उघडतानाच पोचा आणि आधी पपायरसकडे जा.