लिनक्सवर विकतचे सॉफ्टवेअर घ्यावे का : सेवा केंद्र चालवणाऱ्या सदस्याला उत्तर

नमस्कार भाऊ,

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तालुक्याच्या गावी तुमचे झेरॉक्स, टायपिंग आणि ऑनलाइन अर्जांचे दुकान आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित अद्यतने थांबली, तुमच्या तीनपैकी दोन संगणकांवर विंडोज ११ चढत नाही, म्हणून त्या दोघांवर तुम्ही विंडोजच्या जागी चालणारी लिनक्स मिंट ही मुक्त प्रणाली टाकली. आता काही जण सांगतात की लिनक्सवर आल्यावर विकतचे, बंद स्रोताचे, म्हणजे ज्याचा मूळ कोड बनवणारा दाखवत नाही असे सॉफ्टवेअर घेणे तत्त्वाला धरून नाही. दुसरे म्हणतात की विकतच्या सॉफ्टवेअरशिवाय दुकान चालणारच नाही. यांपैकी कोणाचे ऐकावे, असे तुम्ही विचारले आहे.

पहिल्या मताबद्दल आधी. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये मुक्त सॉफ्टवेअर घडवण्याचा ग्नू प्रकल्प जाहीर केला तेव्हापासून मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीचा आग्रह वापरणाऱ्याच्या अधिकारांबद्दल आहे : प्रोग्राम हव्या त्या कामाला चालवता यावा, त्याचा स्रोत पाहता यावा, तो बदलता यावा आणि दुसऱ्याला देता यावा. पैसे घेण्याला तिथे मनाई नाही. जीपीएल हा ग्नू प्रकल्पाचा परवाना मुक्त सॉफ्टवेअर विकायला स्पष्ट मुभा देतो. आवाजाच्या ध्वनिमुद्रणासाठी वापरले जाणारे आर्डर हे मुक्त सॉफ्टवेअर आहे, तरी त्याचा वापरायला तयार प्रोग्राम त्यांच्या संकेतस्थळावरून पैसे देऊनच मिळतो. विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारे वाइन मुक्त आहे, आणि त्याच्यावर उभे असलेले क्रॉसओव्हर कोडवीव्हर्स ही कंपनी विकते. त्या विक्रीवर पगार घेणारे प्रोग्रामर वाइनमध्येच सुधारणा करतात आणि त्या सगळ्यांना मिळतात. तेव्हा पैसे मोजल्याने तत्त्व मोडते, ही भीती मनातून काढून टाका.

विचार करायचा तो वेगळ्या गोष्टीचा. उद्या सॉफ्टवेअर बनवणाऱ्याने हात वर केले, तर गिऱ्हाइकांचे काम तुमच्या हातात राहील की त्याच्याबरोबर जाईल? लिनक्सच्या डेस्कटॉपवर हे एकदा प्रत्यक्ष घडून गेले आहे आणि आपल्या भागातल्या प्रत्येक डीटीपीवाल्याला ते माहीत असावे असे मला मनापासून वाटते. कोरेल या कॅनडातल्या कंपनीने १९९९ मध्ये स्वतःचे लिनक्स बाजारात आणले आणि २००० मध्ये पत्रिका आणि चित्रे बनवण्याच्या कोरेलड्रॉची नववी आवृत्तीही लिनक्ससाठी काढली. पुढच्याच वर्षी कंपनी या उद्योगातून बाहेर पडली आणि लिनक्ससाठी कोरेलड्रॉची नवी आवृत्ती आली नाही. ज्यांनी विश्वासाने पैसे मोजले होते त्यांच्याकडे कोरेलड्रॉच्या सीडीआर फाइल्स उरल्या आणि त्या फाइलींची आतली रचना फक्त कंपनीला ठाऊक होती.

त्याच काळात दुसऱ्या एका विकतच्या सॉफ्टवेअरचे काय झाले ते पाहा. स्टारऑफिस हे पत्रे, तक्ते अशा कचेरीच्या कामांचे सॉफ्टवेअर जर्मनीतल्या कंपनीचे होते. सन या अमेरिकी संगणक कंपनीने ती कंपनी १९९९ मध्ये विकत घेतली आणि २००० मध्ये त्याचा स्रोत खुला केला. त्यातून ओपनऑफिस निघाले. पुढे २०१० मध्ये सन ही कंपनीच ओरॅकलच्या ताब्यात गेली. मालक बदलला, त्याच्या धोरणाची खात्री वाटेना, तेव्हा काम करणारी मंडळी त्याच वर्षी स्रोत घेऊन वेगळी झाली आणि लिबरऑफिस उभे राहिले. आज तुमच्या मिंटमध्ये सुरुवातीपासून असलेले लिबरऑफिस ते हेच. मालक दोनदा बदलूनही त्या काळातले दस्तऐवज आजही उघडतात. माझ्या मते खुल्या स्रोताची खरी किंमत इथे कळते. फुकट मिळते हा त्याचा दुय्यम लाभ आहे.

यावरून विकतच्या सॉफ्टवेअरची निवड मी अशी करतो : त्यातून बाहेर पडणारी फाइल कोणत्याही दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडत असेल, तर खुशाल पैसे मोजावेत. जुन्या स्कॅनरला लिनक्सचा चालक (ड्रायव्हर) मिळत नसेल तर व्ह्यूस्कॅन हा स्कॅनिंगचा प्रोग्राम विकत घ्या. त्यातून शेवटी पीडीएफ किंवा जेपीजी निघते आणि ती कायम तुमची असते. पीडीएफमध्ये खाडाखोड करण्यासाठी मास्टर पीडीएफ एडिटर, वर्डच्या डॉक्स फाइलींची मांडणी तंतोतंत हवी असेल तर सॉफ्टमेकरचे ऑफिस, तुमच्याकडे कोणी नकाशे काढून घ्यायला येत असेल तर ब्रिक्सकॅड, ही सगळी लिनक्ससाठीही बनवलेली विकतची सॉफ्टवेअरे आहेत. त्यांचे निर्माते आपल्यासारख्या कमी संख्येच्या वापरकर्त्यांसाठी वेगळी मेहनत घेतात आणि त्या मेहनतीचे पैसे द्यावेत.

आता दुकानातल्या कामांकडे येतो. सर्वांत जास्त जपायची बाब म्हणजे जुन्या मराठी फाइली. ग्रामसभेचे ठराव, संस्थांची लेटरहेड, लग्नपत्रिका हे सारे वर्षानुवर्षे श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा फाँटांमध्ये टाइप झालेले असते. या फाँटांत इंग्रजी अक्षरांच्या जागेवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असतात. त्यामुळे तो फाँट नसलेल्या संगणकावर तोच ठराव नुसती इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांचा ढीग होऊन समोर येतो. फाँटची फाइल लिनक्सवर बसवली तर मजकूर दिसू लागतो, छपाईही होते. पण तुमचा टायपिंगचा प्रोग्राम विंडोजचाच असल्याने त्यात दुरुस्ती करणे जड जाते, आणि फाँटच्या परवान्यात ती नक्कल बसते का हेही पाहावे लागते. म्हणून नेहमी लागणारा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही संगणकावर मराठीच दिसणाऱ्या अक्षरपद्धतीत, बदलून घ्या. बदलल्यावर प्रत्येक पान डोळ्यांखालून घाला, कारण रूपांतरात रफार आणि पहिली वेलांटी हमखास शेजारच्या अक्षरावर सरकतात, आणि ठरावातल्या माणसाचे आडनाव चुकले तर त्याचा त्रास त्या माणसाला कचेरीत होतो. नव्या टायपिंगसाठी लिनक्समध्ये इन्स्क्रिप्ट कळफलक आहेच. मुक्ता, नोटो असे मोकळ्या परवान्याचे फाँट व्यावसायिक छपाईलाही चालतात.

पत्रिका आणि फ्लेक्सच्या कामासाठी इंकस्केप हा मुक्त प्रोग्राम शिकून घ्या. ते सीडीआर फाइल उघडते, कारण स्वयंसेवकांनी त्या बंद रचनेचा उलगडा करून तशी सोय केली आहे; पण गुंतागुंतीची पत्रिका जशीच्या तशी येईल अशी अपेक्षा ठेवू नका. पुस्तिका किंवा स्मरणिका असेल तर पानांची मांडणी करणारे स्क्रायबस घ्या, मात्र १.६ किंवा त्यानंतरचे, कारण त्याआधीच्या स्थिर आवृत्त्यांमध्ये देवनागरी जोडाक्षरे फुटत असत. जुने गिऱ्हाईक सीडीआर फाइलच मागत असेल, तर कोरेलड्रॉ विंडोजच्या संगणकावर परवाना घेऊन ठेवा. क्रॅक केलेली प्रत वापरण्याची आपल्याकडे पडलेली सवय लिनक्सवर येताना मागेच सोडावी. तशा प्रतीतून शिरलेला विषाणू ज्या संगणकावर लोकांचे आधार आणि बँकेचे कागद असतात तिथेच शिरतो.

छपाईयंत्राबाबत थोडे सविस्तर लिहितो, कारण मुक्त आणि बंद सॉफ्टवेअर एकाच कामात कसे गुंतलेले असते ते इथे दिसते. एचपी लेझरजेट १०२० हा आपल्याकडच्या दुकानांत नेहमी दिसणारा प्रिंटर घ्या. त्याचे फर्मवेअर, म्हणजे यंत्र चालवणारा आतला प्रोग्राम, त्याच्या पोटात कायमचे राहत नाही. प्रिंटर सुरू झाला की प्रत्येक वेळी संगणकाकडून ते त्याला द्यावे लागते. आपल्याकडे लाईन गेली आणि आली की हे काम पुन्हा होते. एचपीचे प्रिंटर लिनक्सवर चालवणारे एचपीलिप मुक्त आहे, पण हे फर्मवेअर एचपीच्या बंद प्लगइनमधून (त्याला जोडायच्या पूरक भागातून) येते आणि प्लगइनची आवृत्ती एचपीलिपच्या आवृत्तीशी जुळावी लागते. म्हणून एखाद्या अद्यतनानंतर प्रिंटर एकाएकी गप्प झाला तर तो बिघडला असे समजू नका. प्लगइन पुन्हा बसवा, छपाई सुरू होईल. इथे बंद प्लगइन नाकारणे म्हणजे धडधाकट यंत्र भंगारात घालणे होय, आणि ते मला मुळीच पटत नाही. कॅननच्या एलबीपी २९०० चा लिनक्सवरचा चालक मात्र फार कटकटीचा आहे. तो प्रिंटर तुमच्याकडे असेल तर विंडोजच्या संगणकालाच जोडा.

तिसरा संगणक विंडोज ११ वर ठेवा, हे मी आग्रहाने सांगतो. आधारच्या अंगठ्याच्या यंत्रांना लागणारी आरडी सेवा (यंत्र नोंदवून चालवणारे सॉफ्टवेअर) मुख्यत्वे विंडोज आणि अँड्रॉइडसाठी असते, हिशेबाची टॅलीही विंडोजसाठीच बनते. वाइनवर ती चालवून जिनिंगवाल्याचा किंवा कृषी केंद्राचा हिशेब धोक्यात घालू नये. अंगठा आणि टॅली त्या एका संगणकावर, आणि सातबारा, पीकविम्याचे अर्ज, निकाल, जीएसटीची विवरणे अशी ब्राउझरमधून होणारी कामे लिनक्सवर, अशी वाटणी व्यवस्थित चालते. डिजिटल सहीचा टोकन नवीन घेणार असाल तर त्याचा लिनक्स चालक कंपनीच्या संकेतस्थळावर आहे हे पाहूनच घ्या.

फुकट मिळणाऱ्या बंद सॉफ्टवेअरबाबत मात्र मी विकतच्यापेक्षा जास्त सावध असतो. मिंटच्या २२ व्या आवृत्तीपासून, ज्या फ्लॅटपॅकचा (लिनक्सवर सॉफ्टवेअर बसवण्याच्या तयार गठ्ठ्याचा) प्रकाशक पडताळलेला नाही ते सॉफ्टवेअर व्यवस्थापकात आपणहून दिसत नाहीत. ही सेटिंग दुकानाच्या संगणकावर बदलू नका.

खरेदी करताना परवाना कायमचा आहे की वार्षिक, आणि किती संगणकांवर चालतो, हे वाचून घ्या. बिल दुकानाच्या नावाने घ्या आणि इन्स्टॉलरची फाइल पेन ड्राइव्हवर जपून ठेवा. विंडोजवर जो खर्च झाला असता त्यातला काही भाग लिबरऑफिस किंवा मिंटला देणगी म्हणून द्या, मीही देतो.

तुमचा प्रिंटर, स्कॅनर आणि अंगठ्याचे यंत्र नेमके कोणत्या मॉडेलचे आहे ते इथे लिहा, म्हणजे कोणते यंत्र कोणत्या संगणकाला जोडायचे ते पीकविम्याची गर्दी सुरू होण्याआधी ठरवता येईल.