मान-खांदे दुखत असतील तर आधी ओट्याची उंची मोजा

प्रश्न असा आहे: "वय ४४, गृहिणी. संध्याकाळपर्यंत मान आणि खांदे दगडासारखे होतात. बाम लावला की तासभर बरं वाटतं, मग पुन्हा तेच. घरच्या घरी काय करता येईल? मानेचा पट्टा वापरू का?"

ताई, मी डॉक्टर नाही. पण हे दुखणं दोन वर्षं अंगावर काढलंय आणि त्यातली दीड वर्षं चुकीच्या ठिकाणी उपाय शोधण्यात घालवलीत, तेव्हा थोडं सांगते.

आम्ही ठाण्यात सोळा वर्षं भाड्याच्या घरात होतो. तिथला ओटा कडाप्प्याचा, बुटका, एका कोपऱ्यात टवका उडालेला. मग डोंबिवलीत स्वतःचा फ्लॅट घेतला. ग्रॅनाईटचा ओटा, ट्रॉल्या, चिमणी, सगळं हौसेनं करून घेतलं. तीन-चार महिन्यांत माझा उजवा खांदा भरून यायला लागला. आधी वाटलं, सामान हलवल्याचं असेल. मग मान आखडायला लागली. रिक्षात बसून मागे बघायचं तर अख्खं धड वळवायचं. वेणी घालायला हात वर नेला की खांद्याच्या पात्याच्या आतल्या कडेला अशी चमक यायची की कंगवा खाली ठेवावा लागे.

उपाय सांगणाऱ्यांना तोटा नव्हता. सासूबाईंनी तिळाच्या तेलात लसूण जाळून दिला. शेजारच्या काकूंनी गावाहून निरगुडीचा पाला आणून दिला, तो तव्यावर गरम करून बांधला. नणंदेचं म्हणणं, उत्तरेला डोकं करून झोपतेस, दुसरं काय होणार. मावशीनं तर फर्मानच काढलं की ही उसण आहे, पायाळू माणूस शोध आणि त्याच्याकडून पाय लावून घे. सोसायटीत एक पायाळू निघालाही. पण तो नववीतला मुलगा, ऐकूनच लाजून पळाला. तेलानं आणि पाल्यानं बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. पण सकाळच्या पोळ्या झाल्या की पुन्हा जैसे थे.

शेवटी एक्स-रे काढला. रिपोर्ट बघून घरात सगळ्यांनी "मणक्यात गॅप आलाय" असा सुतकी चेहरा केला. डॉक्टर मात्र शांत होते. म्हणाले, वयानुसार मणक्यांची थोडी झीज बहुतेकांच्या एक्स-रेत दिसते, आणि त्यातल्या कित्येकांना काहीही दुखत नसतं. तेव्हा फोटोवर सगळं खापर फोडू नका. त्यांनी फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं.

ती फिजिओ म्हणजे पंचविशीतली मुलगी. तिनं मान इकडेतिकडे वळवून पाहिली, मग टेबलावरचं पेन माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "काकू, हे लाटणं समजा आणि मला पोळी लाटून दाखवा." मला हसू आलं. तरी टेबलापाशी उभी राहून लाटायला लागले. "तुमच्या घरचा ओटा एवढाच उंच आहे का?" मी म्हटलं, नाही, जरा वर. तिनं दोन जाडजूड फायली आणून टेबलावर ठेवल्या. "आता लाटा." मी लाटलं. तिनं मोबाईलवर फोटो काढून दाखवला. फोटोत माझा उजवा खांदा कानाला टेकायला आला होता. मला त्याचा पत्ताच नव्हता. रोज सोळा-सतरा पोळ्या, वर भाकरी, वर भाजी चिरणं, हे सगळं मी "मला काय माहीत" असा खांदा उडवून करत होते. फरक एवढाच की तो खांदा खाली येतच नव्हता.

तर मूळ तिथं होतं. आपल्याला वाटतं ओझं उचलल्यानं मान दुखते. ओझ्यानं दुखतं तसं एकाच स्थितीत तासन्‌तास धरून ठेवल्यानंही दुखतं. कवटीच्या मागच्या बाजूपासून दोन्ही खांद्यांपर्यंत आणि खाली पाठीच्या मध्यापर्यंत एक मोठा स्नायू पसरलेला आहे, ट्रॅपेझियस. खांदा उचलून धरला की तो आखडलेलाच राहतो. आणि मान पुढे झुकवली की डोकं सावरायचं काम मागच्या स्नायूंवर येतं. आपलं डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं असतं. पाच किलोची पिठाची पिशवी छातीशी धरा आणि मग तीच हात लांब करून धरा, म्हणजे मानेला मेथी निवडताना काय वाटत असेल ते कळेल.

घरी येऊन टेप काढली. माझी उंची चार फूट अकरा इंच. अनवाणी ताठ उभी राहून कोपर वाकवला, तर जमिनीपासून कोपर ३७ इंचांवर. ओटा ३४ इंच. त्यावर पोळपाट ठेवला की लाटायची जागा ३६. म्हणजे कोपर आणि पोळी यांत एका इंचाचं अंतर. जोर लावून करायच्या कामाला, म्हणजे कणीक तिंबणं, लाटणं, थापणं, कामाची जागा कोपरापेक्षा निदान चार-सहा इंच खाली हवी. गॅसचं तर विचारूच नका, शेगडी आणि तवा धरून ते सगळं कोपराच्या वरच जातं. ठाण्याचा बुटका ओटा मला का मानवत होता, हे तेव्हा उमगलं. आम्ही त्याला सोळा वर्षं नावं ठेवली.

ओटा तोडणं शक्य नव्हतं. मी जेवायचा पाट घेतला आणि त्यावर उभी राहिले. सासूबाई दारातच थबकल्या. "जेवायच्या पाटावर पाय देतेस?" त्यांचं बरोबर होतं. मग सुताराकडून वेगळा करून घेतला, तीन इंच उंच, अडीच फूट लांब, म्हणजे पोळपाटापासून गॅसपर्यंत सरकता येतं. खाली रबर लावलंय, नाहीतर ओल्या फरशीवर सरकून भलतंच व्हायचं. कणीक आता खाली बसून परातीत मळते, अंगाचा भार येतो, खांद्याला काम पडत नाही. कुणी म्हणेल, आमच्या आज्या सगळंच खाली बसून करायच्या, त्यांना कुठं होती मानदुखी? होती हो. गुडघेही गेले होते. कुणी विचारलं नाही एवढंच.

उंच माणसाचं याच्या उलट. आमचे हे पाच फूट दहा इंच. रात्रीची भांडी त्यांच्याकडे. सिंकचा तळ ओट्याच्या आठ इंच खाली, त्यामुळे भांडी घासून झाली की हे मान चोळत बाहेर येणार. सिंकमध्ये एक टब उपडा घातला आणि भांडी त्यावर घासायला लागले, तेव्हापासून तक्रार बंद आहे.

बाकीचे चोर लहान आहेत, पण पाहून ठेवा. भाजी परतताना फोन कान आणि खांद्यात चिमटून बोलणं, हे मी पूर्ण बंद केलं. बहिणीचा फोन आला की स्पीकर, मग घरातल्यांनी ऐकलं तरी चालेल. कपडे वाळत घालायच्या दोऱ्या हात पूर्ण ताणून गाठाव्या लागत असतील तर खालीवर होणारं स्टँड घ्या, आणि ओली चादर पिळून झटकायचं काम घरात तरणा माणूस असेल तर त्याला द्या. पर्स एकाच खांद्यावर नको. रात्री आडवं पडून, उशा रचून, हनुवटी छातीला टेकवून मोबाईल बघणं हे तर दिवसभराच्या पोळ्यांहून वाईट.

आता तात्पुरत्या आरामाचं. बामनं कातडीला गार-गरम वाटतं, तेवढ्यापुरता मेंदू दुखणं विसरतो, बास. शेक जास्त कामाचा. मी जाडं मीठ लोखंडी तव्यावर गरम करते, सुती फडक्यात पुरचुंडी बांधते आणि आधी मनगटावर टेकवून बघते. दहा-पंधरा मिनिटं पुरे. मधुमेह असेल, कातडीला चटका कळत नसेल तर फार जपून. गरम पाण्याची पिशवी मानेखाली घेऊन झोपी जायचं नाही, माझ्या जावेला असाच फोड आला होता.

व्यायाम मी कुकरला बांधून घेतलेत. कुकर लावला की शिट्ट्या होईपर्यंत दुसरं काही करायचं नाही. पहिला प्रकार: नजर समोर, आणि हनुवटी वरखाली न करता सरळ मागे न्यायची. पंगतीत कुणी आग्रहानं तोंडापाशी जिलबी आणतं आणि आपण "नको नको" म्हणत डोकं मागे घेतो ना, अगदी तसं. पाच सेकंद धरायचं, दहा वेळा. दुसरा: खांदे कानांपर्यंत उचलायचे, मागे न्यायचे, सोडून द्यायचे. खरी मजा सोडून देण्यात आहे. तिसरा: दोन्ही पाती पाठीमागे एकमेकांकडे आणायची, मधे पेन्सिल धरल्यासारखी. आणि पात्याच्या कडेची ती चमक येणारी जागा असेल, तर मुलाचा टेनिस बॉल भिंत आणि पाठ यांच्यामध्ये धरून हळूहळू त्यावर रेलायचं. मणक्यावर नाही, बाजूच्या मांसल भागावर. गोड दुखलं पाहिजे, डोळ्यांत पाणी आलं तर थांबा. हे सगळं रोज करून मला फरक पडायला पाच-सहा आठवडे लागले. चौथ्या दिवशी सोडून देऊ नका.

उशीचं एकच बघा. कुशीवर झोपत असाल तर खांदा आणि कान यांच्यामधली पोकळी भरेल एवढी जाड हवी, उताणं झोपत असाल तर त्याहून पातळ. पालथं झोपणं सोडा, रात्रभर मान एका बाजूला पिळलेली राहते. महागडी उशी घ्यायच्या आधी जुनं लुगडं घडी करून उंची जमवून पाहा.

काय करू नका तेही सांगते. सलूनमध्ये मालिश करता करता मान कडकन मोडतात, तसं घरातल्या कुणाकडूनही करून घेऊ नका. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांना त्यानं इजा होऊ शकते. दुखण्याच्या गोळ्या मनानं रोज घेऊ नका, पित्त, बीपी, मूत्रपिंड सगळ्यांशी त्यांचं वाकडं आहे.

आणि काही दुखणी ओट्याची नसतात. हाताला मुंग्या येऊन बोटं बधिर होणं, हातातून कप निसटणं, चालताना तोल जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं, पडल्यावर सुरू झालेली मानदुखी, तापाबरोबर ताठरलेली मान, यात घरगुती काही करत बसू नका. मान, जबडा किंवा खांदा दुखतोय आणि सोबत छातीत दाटणं, घाम, धाप असेल तर थेट हॉस्पिटल गाठा. बायकांमध्ये हृदयाचं दुखणं कधी कधी असंच आडवाटेनं येतं. माझ्या त्याच जावेला ब्लाऊजचे मागचे हुक लावता येईनात, हात मागे जाईचना. मी तिला पाट करून घे म्हणत होते. तो निघाला फ्रोझन शोल्डर, आणि रक्त तपासलं तर साखर वाढलेली. मधुमेहात हा खांदा आखडतोच पुष्कळांचा.

पट्ट्याचं विचारलंत. मीही घेतला होता, न विचारता. फिजिओनं सांगितलं, डॉक्टरांनी दिला असेल तर त्यांनी सांगितलेले तेवढेच दिवस. मनानं महिनोन्‌महिने लावला तर मानेचे स्नायू आळशी होतात आणि काढल्यावर जास्त दुखतं. माझा आता माळ्याखालच्या सगळ्यात वरच्या खणात पडलाय. रव्याचे, डाळीचे जड डबे मी तिथून कमरेच्या उंचीवर आणले, त्यामुळे त्या खणापर्यंत हात न्यायची वेळच येत नाही.