भाऊ, पयल्यांदा सिनेमाले येऊन राहिला ना?

मंग आधी पिच्चर किती लांब हे पाहून घे, बाकी मागून. 'झुंड' (2022, आपल्या नागपूरचाच) जवळपास 3 तासांचा, वरून इंटरवल, अन् यवतमाळवरून शेवटची यष्टी गेली की स्टँडवर मच्छर मारत बसा, मी बसलो आहे बापा.

- पोरं आणशील तर पिच्चरचं सेन्सॉर सर्टिफिकेट पाहून घे. ए असलं तर 18 च्या आतल्याले सोडत नाही, यूएमध्ये (लहान पोरांले दाखवायचं का ते मायबापानं ठरवायचं) आता 7, 13, 16 वर्षांवरचे असे प्रकार आहेत
- तिकीट आधी, समोसा मंग

नवे लोक हमखास बाहेर निघाल्याबरोबर 'बकवास होता' म्हणून मोकळे होतात. तसं नको करू, टपरीवर चहा घेत एखादा सीन धरून बोल, चुकलं तरी चालते. कॅमेरा-एडिटिंगचं आत्ताच डोक्यात घेऊ नको.