सातवीतली मुलगी आणि माळ्यावर टाकलेले धारप

"मॅडम, हिला हेच वाचायला आवडतं. डोक्यावर परिणाम तर होणार नाही ना?" आईने हे मुलीसमोरच विचारलं, तेव्हा मुलगी खाली बघून ओढणीचं टोक पिळत होती. वय 12. (ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत.) मे महिन्यात आजोळी मामाच्या कपाटात तिला नारायण धारपांच्या भयकादंबऱ्या सापडल्या. सुट्टीत तिने चार संपवल्या. पाचवी घरी आणली आणि जूनपासून रात्री एकटीने बाथरूमला जाणं बंद झालं. ती आईच्या कुशीत झोपू लागली. बाबांनी पुस्तक माळ्यावर टाकलं, तरी भीती कमी न होता वाढतच गेली.

आधी आईच्या प्रश्नाचं उत्तर. भयकथा आवडणं हे कसलंही लक्षण नाही. गूढकथा लिहिणाऱ्या रत्नाकर मतकरींनीच मराठी मुलांना 'अलबत्या गलबत्या' या बालनाट्यातली चिंची चेटकीण दिली. तिला बघून पोरं किंचाळतात आणि पुन्हा घेऊन चला म्हणून हट्ट धरतात. ही भीती मुलं स्वतः मागून घेतात, आणि नको झाली की ती थांबवता येते याची त्यांना खात्री असते. इथे बिघडलं होतं ते नेमकं हे थांबवणं.

"पुस्तक कुठपर्यंत वाचून झालं होतं?" या प्रश्नावर मुलगी पहिल्यांदा बोलली. वाड्यातल्या बंद खोलीचं दार उघडणार, इतक्यात बाबांनी पुस्तक काढून घेतलं होतं. त्या दारामागे काय असेल ते ती दीड महिना रोज रात्री स्वतःच रचत होती. छापलेलं भूत शेवटच्या पानाला संपतं, पण हिच्या भुताला शेवटचं पानच नव्हतं.

दुसरी चूक प्रेमापोटी झालेली. आई रोज झोपताना पलंगाखाली, पडद्यामागे, कपाटात बघून "काही नाही गं" म्हणायची. आधी एकदा, मग तीनदा. प्रत्येक वेळी बघितल्याने मुलीला कळायचं एवढंच, की बघण्यासारखं काहीतरी असू शकतं. मिळणारा धीर पाच मिनिटं टिकायचा.

म्हणून पहिलं काम, पुस्तक माळ्यावरून खाली. उरलेला भाग दुपारी, बाहेरच्या खोलीत, घरात कुणी असताना, शेवटपर्यंत वाचायचा. भीतीला 0 ते 10 मधला आकडा द्यायचा. सुरुवातीला तो 8 होता, पुस्तक मिटलं तेव्हा 4.

वाचनावर बंदी घातली नाही, वेळ ठरवली. झोपण्याआधीच्या दीड तासात भयकथा नाही. आणि प्रकरण संपलं की थांबायचं नाही! लेखक तिथेच मुद्दाम अडकवून ठेवतो. पुढची दोन-तीन पानं वाचावीत, प्रसंग निवळला की खूण घालावी.

बाथरूमसाठी पायऱ्या केल्या: आई दारात उभी, मग स्वयंपाकघरात, मग आपल्या पलंगावर, शेवटी फक्त पॅसेजमधला मंद दिवा. प्रत्येक पायरी सलग तीन रात्री. दुसऱ्या आठवड्यात गाडी अडली. मुलगी जात होती, पण धावत आणि धावतच परत येत होती. धावलं की मेंदू समजतो, पळालो म्हणून वाचलो. मग आत थांबून सावकाश 20 आकडे मोजायचे आणि चालत परत यायचं, असं ठरलं. खरा फरक तिथून पडला.

एकच वाईट स्वप्न वारंवार पडत होतं. ते तिने सकाळी लिहून काढलं, हवा तसा शेवट बदलला, आणि तो नवा शेवट रोज दुपारी 10 मिनिटं डोळे मिटून मनात चालवला. दोन आठवड्यांत स्वप्न विरळ झालं. मूल झोपल्यावर पहिल्या दोन-तीन तासांत ओरडत उठत असेल आणि सकाळी त्याला काहीच आठवत नसेल, तर तो प्रकार वेगळा; तिथे हा उपाय लागू नाही. त्या वेळी मुलाला हलवून जागं करू नये, नुसतं सांभाळावं.

पुढे काय वाचावं हेही तिने विचारलं. धारपांच्या 'समर्थ' कथांपासून सुरुवात बरी, कारण तिथे दुष्ट शक्तीशी लढणारं कुणीतरी भक्कम असतं. मतकरींच्या गूढकथा बऱ्याचदा शेवटच्या ओळींत कलाटणी घेतात आणि वाचकाला तिथेच सोडून देतात; त्या वर्ष-दोन वर्षांनी. मोबाइलवरचे भुताचे व्हिडिओ मात्र अजिबात नकोत. पुस्तकात चेहरा आपल्याला झेपेल तेवढाच दिसतो, वेगही आपल्या हातात असतो. पडद्यावर दोन्ही दुसऱ्याच्या हातात.

एवढं करूनही महिनाभरात फरक नाही, शाळा बुडते, सुटलेलं अंथरुण ओलं करणं पुन्हा सुरू होतं, किंवा दिवसाही आकृती दिसतात, आवाज येतात, असं असेल तर बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवावं. या मुलीच्या बाबतीत तशी वेळ आली नाही.

सहाव्या आठवड्यात आई नवी तक्रार घेऊन आली. आता ताईच सात वर्षांच्या भावाला रात्री गोष्टी सांगते आणि तो आईच्या कुशीत येतो. त्याच्यासाठी नियम ठरला: गोष्ट दुपारी, आणि दार उघडून आत काय होतं ते सांगितल्याशिवाय ताईने उठायचं नाही.